सिस्टरची एक्केचाळीस पानं

सकाळी आमच्या घरात तीन माणसांना तीन वस्तू सापडत नसतात, आणि तिन्ही कुठे आहेत ते मलाच ठाऊक असावं अशी सगळ्यांची समजूत असते. नवऱ्याचा चष्मा, मुलीचा एक मोजा, सासूबाईंची गोळी. गोळी शोधता शोधता दूध उतू जायला आलं आणि नेमकी दारावर टकटक झाली.

"बेल असताना दार कोण बडवतंय?" नवरा आतून ओरडला.

"तुम्ही ती दुरुस्त करून आणाल, त्या दिवशी बेलच वाजवतील हो!"

दार उघडलं तर समोरच्या सिस्टर. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणते. हातात निळी डायरी होती.

"वहिनी, दोन मिनिटं आहेत?"

गेल्या तीन महिन्यांत त्या कुणाच्याही दारात आल्या नव्हत्या. मी गॅस बंद केला आणि खुर्ची पुढे ओढली.

ती डायरी मी पाहिलेली होती. नोकरीत असताना, जवळ कुणीही नसताना जो पेशंट जायचा, त्याची एक ओळ सिस्टर तिच्यात लिहून ठेवायच्या. 'खाट नऊ. खिडकी लावू नका म्हणायचा.' 'खाट सतरा. दुसऱ्यांच्या नातवंडांसाठी उशीखाली गोळ्या ठेवायची.' अशी एक्केचाळीस माणसं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं की प्रत्येकावर एक पान लिहायचं आणि त्याचं पुस्तक करायचं.

पण जन्मभर वॉर्डात धावलेल्या बाईला बसणं कुठलं जमायला! दोन ओळी झाल्या की उठायच्या, नळ घासायच्या, धुतलेले टॉवेल पुन्हा धुवायच्या. कुणी बीपी मोजायला हाक मारली की कागद तसाच टाकून निघाल्या. शेवटी त्यांच्या मोठ्या बहिणीने उपाय काढला. या मोठीताई त्यांच्याकडेच राहायच्या. नऊ वाजले की सिस्टरना आतल्या खोलीत घालायचं, बाहेरून कडी लावायची, आणि आपण कडीखाली स्टूल टाकून भाजीचं ताट घेऊन बसायचं. अकराला कडी काढायची. मधे कुणीही आलं तरी उत्तर एकच.

"घरात नाहीये ती."

"अहो ताई, खोकला ऐकू येतोय त्यांचा!"

"खोकला आहे. ती नाहीये."

म्हातारी बहिणीला कोंडून ठेवते, असं बिल्डिंगभर झालं. खोटं कशाला सांगू, मलाही ते खरं वाटलं होतं. एकदा मोठीताई खाली गेल्याचं पाहून मी हळूच कडी काढली. "सिस्टर, घाबरू नका, मी आहे!"

सिस्टर टेबलावरून दचकून उठल्या. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग आधी कडी लावा!"

अशी सव्वीस पानं झाली.

तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी, साडेअकराच्या सुमारास, मी त्यांचं पातेलं परत द्यायला गेले. बाहेरचं दार लोटलेलं होतं. मोठीताई स्टुलावरच होत्या, पण हाकेला ओ आली नाही. हात लावला तर गार. मी नवऱ्याला बोलावलं, त्याने वरच्या मास्तरांना. आवाज न करता आम्ही त्यांना खाली निजवलं, डोळे मिटले, अंगावर चादर घातली. सिस्टरना निदान तेवढं तरी बघायला लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मग मी कडी काढली.

सिस्टरनी मान वर केली नाही. लिहीतच म्हणाल्या, "आज उशीर केलास ते बरं झालं गं ताई. पान पुरं झालं माझं."

डॉक्टर म्हणाले, दहाच्या आसपासच सगळं आटोपलं असेल.

आता खुर्चीत बसून सिस्टर डायरीच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "त्या दिवसानंतर एक ओळ नाही, वहिनी. आणि काल खाट सतरा वाचलं, तर चेहराच डोळ्यांपुढे येईना. पंधरा जण राहिलेत. जाताना त्यांना माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. मी विसरले की संपलंच."

मला वाटलं, त्यांना काय हवंय ते कळलं मला. "मी लावते ना कडी," मी म्हटलं. "नऊला ही सगळी बाहेर पडतात. भाजी घेऊन येईन आणि बसेन तिथेच."

"नको हो." त्यांनी मान हलवली. "कडी नको. आता मी उठतच नाही. नऊ ते अकरा दार सताड उघडं ठेवून बसते. पण कुणालाही लिहायला घेतलं की मधे ताई येते."

त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. एक्केचाळीसच्या खाली नवी शाई होती. 'बेचाळीस. दाराबाहेर, स्टुलावर.' पुढे कोरं.

"आई, मोजा!" आतून मुलगी ओरडली.

"हिला लिहिल्याशिवाय पुढचं कुणी येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण मी काय लिहू? चौतीस वर्षं परक्यांपाशी बसले आणि ही चार हातांवर असताना मला पत्ता नाही. मी बाहेर आले तोवर तुम्ही सगळं नीट करून ठेवलं होतं."

मी खाली बघायला लागले.

"रागावले नाही मी. चांगल्या मनानेच केलंत तुम्ही." त्यांनी टोपण काढलं आणि पेन कागदावर टेकवलं. "तिला पहिल्यांदा तुम्ही पाहिलंत. मान कुठे वळली होती, हात कुठे होते, डोळे कसे होते, ते मला सांगा. जसं होतं तसं."