गढीवरची झुंबरबाई

हसनाबादेजवळच्या आमच्या गावाला मातीची एक गढी होती, बांगडीसारखी गोल. ती कोणी बांधली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की तिची पांढरी माती धाब्याच्या छपरावर टाकली की घर गळत नाही. त्यामुळे दर उन्हाळ्यात गढी थोडीथोडी गावात राहायला येई.

मग निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याने तिथे पाटी ठोकली. माती खोदायला मनाई झाली. राखणदार म्हणून धर्मराजला नेमलं आणि पितळी बिल्ल्याचा लाल पट्टा दिला. धर्मराज फार भिडस्त. टोपलं घेऊन आलेल्याला म्हणायचा, "न्या, पण जल्दी न्या." त्याची बायको झुंबरबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

त्या श्रावणात धर्मराजला हिवताप भरला. झुंबरबाईने पट्टा लुगड्यावरून आडवा घातला आणि ती गढीवर चढली. वरून सगळं गाव पायाशी दिसलं, तशी ती एकटीच खदखदून हसायला लागली. दुपारी तिने सख्ख्या दिराची बैलगाडी अडवली.

"माती होती तिथं ओता, मंग घरी जा!"

दिराने गाडी मागे वळवून माती ओतली.

पंचमीला बाया फुगडी खेळायला गढीवर आल्या.

"खुरपं-टोपलं हाये का कुणाजवळ?"

"न्हाई गं!"

"मंग या!"

आणि तीही फुगडीत शिरली. पट्टा भिरभिरला, बिल्ला उन्हात चमकला. तेवढ्यात औरंगाबादहून खात्याचे इन्स्पेक्टर ख्वाजामियाँ घोड्यावरून शिपायासह आले. झुंबरबाई फुगडी सोडून झोकांड्या खातच पुढे झाली. तिला दोनाचे चार साहेब दिसत होते.

"थांबा! सगळ्यांनी झोळ्या दाखवा!"

"बाई, मैं इन्स्पेक्टर हूँ."

"असाल. खुरपं हाये का?"

ख्वाजामियाँनी झोळी उघडली. आत पानाचा डबा निघाला.

"धर्मराज कहाँ है?"

"तापानं फणफणून राह्यलाय. तवर मी हाये."

शिपाई बायांवर खेकसला, "नाच बंद करा!"

ख्वाजामियाँनी गढीभोवती नजर फिरवली. कुठेच ताजा खड्डा नव्हता. ते हसू दाबत शिपायाला म्हणाले, "खोदना मना है. नाचना मना कहाँ लिखा है?"

बायांनी असा कल्ला केला की साहेबांचं घोडं बिचकलं.

घरी येऊन हे सांगताना झुंबरबाईला हसू आवरेना. गोधडीतला धर्मराजही हसून हसून घामाघूम झाला. बरा झाल्यावर तो शेतावर जाऊ लागला. कागदावर नाव त्याचंच राहिलं, पण राज्य बदलेपर्यंत गढी राखली ती झुंबरबाईने. पुढच्या पंचमीपासून हसनाबादच्या बायाही तिथे फुगडीला येऊ लागल्या.