आळणी ते भूम, बारा नमस्कार

सोलापूरच्या स्टँडवर धाराशिवच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत योगावरची तीन पुस्तकं होती आणि पर्समध्ये तिकिटाला भोक पाडायचा एक चिमटा. पुस्तकं मी जिथं ग्रंथपाल आहे त्या कॉलेजातली. चिमटा दादाचा. दादा, माझा थोरला भाऊ, एसटीत कंडक्टर होता. भूमकडची माणसं कंडक्टरला ‘मास्तर’ म्हणतात, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यानं भूमला सकाळचा योगाचा वर्ग काढला तेव्हा लोकांना नवीन हाक शोधावी लागली नाही. कार्तिकात तो गेला. दिवसांच्या वेळी वहिनीनं चिमटा माझ्या हातात ठेवला आणि मी सोलापूरला परत येऊन वाचत बसले. मला रडण्यापेक्षा वाचणं बरं जमतं.

मग संक्रांतीच्या सुमाराला वहिनीचा फोन आला.

“वन्सं, तुमीच या आता. वर्गाचे दोन तुकडे व्हायलेत, आन् भांडणाचं मूळ तुमच्या अक्षरात हाय.”

भांडण असं होतं. सूर्यनमस्कार घालताना प्रत्येक नमस्काराआधी ओम म्हणून सूर्याचं एकेक नाव घ्यायचं, अशी बारा नावं, ही सगळीकडची रीत. दादाच्या वर्गात एकीकडे भागवतराव होते, कीर्तन न चुकवणारे शेतकरी, आणि एकीकडे सुमनबाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बौद्ध घरातल्या. सुमनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मास्तर, कंबर वाकवायला आलेय, मान तुकवायला न्हाय.” दादानं विचार केला आणि सूर्याच्या नावांऐवजी धाराशिव-भूम रस्त्यावरचे बारा थांबे पुकारायला सुरुवात केली. आयुष्यभर त्याच रस्त्यावर तिकिटं फाडली होती, पाठ करायला लागलं नाही. एक थांबा, चिमट्याची एक टिक, एक नमस्कार.

त्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. नुसती हसले असते तर ठीक होतं. मी सूर्याची बारा नावं शुद्ध लिहून पोस्टानं पाठवली आणि खाली शेरा मारला : ‘करायचं तर शास्त्राप्रमाणे कर.’ त्याचं उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी तो गेला आणि कागद त्याच्या सदऱ्याच्या खिशात सापडला. भागवतराव म्हणाले, मास्तर मंत्र सुरू करणार होते. सुमनबाई म्हणाल्या, मुळीच नव्हते. तेव्हापासून वर्ग बंद. आता मी सांगेन ते दोघं ऐकणार होते. नाही जमलं तर वर्ग मोडायचा. आणखी एक अडचण म्हणजे थांब्यांचा क्रम कुणालाच आठवत नव्हता. मास्तर नाव पुकारायचे तेव्हा सगळ्यांचं लक्ष आपापल्या गुडघ्यांकडे असायचं.

म्हणून मी त्याच रस्त्यानं निघाले. त्याच्या गाडीत मी कधीच बसले नव्हते.

धाराशिवला गाडी बदलली. भूमच्या गाडीची कंडक्टर पंचविशीची मुलगी होती, गळ्यात तिकिटाचं मशीन.

“या गाडीला थांबे किती?” मी विचारलं.

“कुठं उतरायचंय तुमाला?”

“भूमला. पण मला सगळे लिहून घ्यायचेत.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “तक्रार द्यायचीय का मावशी?”

आळणीपासून मी वही उघडून बसले. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती. येडशीच्या पुढे डोंगर जवळ आले, झाडी दाट झाली. रामलिंगच्या फाट्यावर तीन माकडं आणि एक वकील चढू पाहत होते, वकिलाला घेतलं. मधल्या वेळात मी पुस्तकं चाळली. पहिलं म्हणतं, योग म्हणजे आमच्या धर्माचा प्राण. दुसरं म्हणतं, धर्माचा काही संबंध नाही, प्रश्न मणक्यांचा आहे. तिसरं सर्वांत जाड. त्याच्या मते आज आपण करतो त्यातलं पुष्कळसं अलीकडचं आहे, तालमीतून आणि कवायतीतून आलेलं. जुन्या ऋषींनी आपल्याला वाकलेलं पाहिलं असतं तर काय हरवलं म्हणून विचारलं असतं. तिघांच्या स्वतःच्या पाठीची काय अवस्था होती, हे मात्र कुठंच दिलेलं नाही.

येरमाळ्याला गाडी दहा मिनिटं थांबते. इथं येडेश्वरीचं मोठं ठाणं आहे. मी पाय मोकळे करायला उतरले आणि हळदीकुंकवाच्या एका दुकानापुढे रेंगाळले. दुकानदारीण म्हाताऱ्या होत्या.

“खण नारळ देऊ का?”

“नको. मी फारसं मानत नाही.”

“नका मानू. नारळ घ्या.”

मी नारळ घेतला. त्या सांगू लागल्या की चैत्रात यात्रेला माणसं रानात चुनखडी (चुन्याचे पांढरे खडे) वेचतात आणि ते खडे देवीला वाहतात. “दिवसभर वाकायचं, उटायचं, वाकायचं, उटायचं. दुसऱ्या दिवशी अंग आसं मोकळं हुतंय बघा.”

“म्हणजे योगच झाला की.”

“योग न्हाय बया, खडे.”

धर्म कुठं संपतो आणि व्यायाम कुठं सुरू होतो, हा प्रश्न त्यांनी दोन शब्दांत निकालात काढला होता. मी ते वहीत टिपत उभी राहिले आणि तेवढ्यात माझी गाडी गेली. पिशवीसकट. योगाची तिन्ही पुस्तकं माझ्याआधी भूमला निघाली, विनातिकीट.

पुढचा प्रवास काळी-पिवळीतून (वडापच्या जीपमधून), नारळ मांडीवर घेऊन. जीपला थांबा नावाची गोष्टच नसते. कुणी हात केला की थांबते, नाही केला तरी थांबते आणि विचारते. तेरखेड्याला फटाक्यांची दुकानं ओळीनं दिसली. तिथं आमच्या ड्रायव्हरनं तोंडातली विडी विझवली. एवढा भाविक माणूस त्या दिवशी मी दुसरा पाहिला नाही. वाशीच्या बाजूला माळावर पवनचक्क्या होत्या, तीन तीन हात घेऊन एकट्याच व्यायाम करणाऱ्या. त्यांच्याकडे बघत मी एक वाक्य तयार केलं : ‘दादा मला फोनवर म्हणाला होता, थांबेच चालू ठेवणार.’ तसं तो काहीच म्हणाला नव्हता. पण वाक्य चांगलं होतं, कुणाचं नुकसान नव्हतं आणि पडताळायला तो नव्हता.

भूमच्या स्टँडवर पिशवी सुखरूप मिळाली. “पुस्तकंच हायेत, कोण नेतंय,” असं तिथल्या साहेबांनी धीर देत सांगितलं.

वहिनीनं शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वेटोळी रश्शात शिजवून) केली होती. एका घासाला नाकातून पाणी, दुसऱ्याला डोळ्यांतून. दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट जेवले. वहिनी वर्गाला कधीच गेली नव्हती.

“का गं?”

“चाळीस वर्सं चुलीम्होरं उकिडवी बसले. अजून कसलं आसन ऱ्हायलं?”

सकाळी ती मला वर्गाच्या जागी पोचवायला आली. वर्ग आठवडी बाजाराच्या ओट्यांवर भरायचा. देवळात नको, विहारात नको, म्हणून दादानं ही जागा धरली होती; बाजारच्या दिवशी सुट्टी. हवेत कांद्याच्या सालींचा वास. अंगाखाली जुने फ्लेक्स. निवडणुका, वाढदिवस, ‘भावी’ अमुक आणि ‘लाडके’ तमुक. पंधराएक माणसं आपापल्या नेत्यावर बसून माझी वाट बघत होती.

भागवतरावांनी घडी उलगडून कागद पुढे केला. माझंच अक्षर. फक्त प्रत्येक नावापुढे एक गोल भोक होतं.

“बघा ताई. बाराच्या बारा टोचलीत मास्तरनं. टोचलेलं तिकीट म्हंजे पास. त्येंनी मंजूर केलंय.”

“टोचलेलं तिकीट म्हंजे वापरून झालेलं,” सुमनबाई म्हणाल्या. “त्याच्यावर पुन्यांदा बसून बघा गाडीत. चेकर खाली उतरवतो का न्हाय.”

“सूर्य काय फकस्त आमचाच हाय का? तुमच्या दारात ऊन येत न्हाय?”

“येतंय की. आमी कवा त्याला हाक मारून बलावलं न्हाय, तरी येतंय.”

कुणीतरी हसलं. भागवतराव हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. “ताई, मास्तरनी माझी कंबर सरळ केली. त्येंच्या मनात काय होतं त्येवढं सांगा. तुमी म्हणाल ते आमी दोगंबी ऐकू. मास्तरची बहीण खोटं बोलायची न्हाय.”

माझं तयार वाक्य तोंडाशी आलं होतं. ते गिळायला शेंगोळीपेक्षा तिखट लागलं.

“त्याच्या मनात काय होतं, मला माहीत नाही,” मी म्हणाले. “हा कागद मी त्याला हिणवायला पाठवला होता. मला वाटायचं, हा काय योग? मग त्यानं उत्तर दिलं नाही आणि मी विचारलं नाही.”

तेवढ्यात वहिनी पुढे आली, तिनं कागद घेतला आणि भोकांतून पलीकडे पाहिलं.

“ह्याच्यावर भांडायलेत व्हय दोन महिने? लाईटबिल बी टोचलंय त्येंनी. भाचीची लग्नपत्रिका बी. पंचांगाची तर चाळणी केलीया. रिटायर झाल्यापून हात शिवशिवायचा त्येंचा, दुसरं काय!”

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. भागवतरावांना खोकला आला. मग तेच म्हणाले, “बरं. पर इस्टाप तरी कोण सांगणार?”

मी वही काढली. गाडी येरमाळ्यापर्यंतच नऊदा थांबली होती, जीपचं तर विचारूच नका. त्यातले दादाचे बारा कोणते, हे वहीवरून कळत नव्हतं.

“बघा,” भागवतराव म्हणाले. “मंत्र कसे मोजून बारा हायेत.”

“आळणी,” वहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती ओट्याच्या कडेला टेकली होती आणि हातावर हात थापत होती, भाकरी थापावी तशी. “उपळा. येडशी. रामलिंग. चोराखळी. रोज अंगणात पुकारायचे, म्या तिथंच चुलीपाशी ऐकायची. येरमाळा धा मिंटं, च्यापानी.”

“थांबा, रामलिंग?” भागवतराव म्हणाले. “देवाचंच नाव झालं की ह्ये!”

“देव आसल,” सुमनबाई म्हणाल्या. “फाटा सरकारी हाय.”

“मग म्या ओम मनात म्हणणार.”

“म्हणा की. मनात कोण तिकीट मागतंय?”

आणि वर्ग सुरू झाला. वहिनी नाव घ्यायची, मी चिमटा वाजवायची, माणसं वाकायची. रामलिंगला सुमनबाई सगळ्यांबरोबर वाकल्या. येरमाळ्याला सगळे खरंच थांबले, नारळ फोडून वाटला आणि सगळ्यांनी खाल्ला. तो प्रसाद होता की नाश्ता, हे कुणी विचारलं नाही. तेरखेडा, वाशी, पुढचे फाटे. अकरावं नाव झालं आणि वहिनी गप्प बसली.

“बारावं?”

“बारावं मला म्हाईत न्हाय. अकराव्याला म्या च्या ठेवायला आत जायची.”

बारावं सगळ्यांनाच माहीत होतं. “भूम,” मी म्हणाले आणि चिमटा दाबला. टिक.

नमस्कार संपला. सगळे हात जोडून उभे राहिले. कुणी हलेना. माझं काही चुकलं का ते कळेना. सुमनबाई हळूच म्हणाल्या, “बाई, शेवटी मास्तर म्हणायचे ते म्हणा.”

“काय म्हणायचा?”

“उतरा. सामान बघून घ्या.”

मी म्हणाले. अर्धंच नीट बाहेर आलं, पण पंधरा माणसं फ्लेक्सवर आडवी झाली. शवासन. मीही एका भावी आमदाराच्या कपाळावर पाठ टेकली. या आसनाबद्दल मी दोन महिने तीन मतं वाचली होती, पण आडवी झाले नव्हते. पत्र्याच्या छताला खूप भोकं होती. ती कुणी पाडली होती, देव जाणे.

दुपारी परत निघाले. चिमटा वहिनीकडे ठेवला. उद्यापासून थांबे तीच पुकारणार आहे. वाकायला तिनं साफ नकार दिला आहे. गाडीत तीच मशीनवाली मुलगी होती. “मिळाले का थांबे?” तिनं विचारलं. मी बारा नावं उलट्या क्रमानं म्हणून दाखवली. वाटेत मला वाटलं, योग कुणाचा, याचं उत्तर मी चुकीच्या खात्यात शोधत होते. तो काल देवाचा असेल, परवा ऋषींचा, मधे तालीमवाल्यांचा. भूमच्या ओट्यावर सकाळी साडेसहा वाजता तो आलेल्यांचा असतो. दादाला हे कुठलंही पुस्तक न वाचता कळलं होतं, आणि मी त्याला शुद्धलेखन पाठवलं होतं.

धाराशिवला उतरताना मी सामान बघितलं. पिशवी हलकी होती. फोन लावला.

“वहिनी, माझी पुस्तकं राहिली का गं तिथं?”

“ऱ्हायली न्हाईत, दोन सुमनबाईंनी नेली. मांडी घालताना गुडघा अधांतरी ऱ्हातो त्येंचा, खाली घ्यायला उंचीला बरोबर हायेत. परत पाठवू का?”

“नको. जाड पुस्तक कुणाला दिलं?”

“भागवतरावांना. त्येंचा गुडघा जास्त वर हाय.”