साठीच्या पुढचा नियम

माझ्या नवऱ्याला, नितीनला, हे माहीत नाही. लेकीलाही नाही. माझ्या पोटातलं सगळं बहिणीला कळतं म्हणतात — तिलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्याकडे कधी जेवायला येणार नाही, म्हणून असेल.

तशी गोष्ट लहानच. इंदिरानगरला आम्ही चौघं राहतो — नितीन, मी, रेवा आणि सासूबाई. सासूबाईंचा त्रास? छे. एक वाकडा शब्द नाही त्यांचा. पण कुठेही गेलो की सहल त्यांच्या चालीने चालते. त्या थांबल्या की सगळे थांबले, त्या दमल्या की सगळे परत. सांगताना किती क्षुल्लक वाटतं, नाही? वर्षानुवर्षं साचत गेलं की तसं राहत नाही.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात रेवाने सांदण दरीचा हट्ट धरला. भंडारदऱ्याच्या पलीकडे, अभयारण्यात, जमिनीला पडलेली भेगच ती — दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून दगडधोंड्यांची वाट. सर्वांत आधी सासूबाई तयार! रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारायला लागल्या. म्हणायच्या, "सायखेड्याची हाय मी. गोदेच्या गाळात चाललेय, दगडांचं काय एवढं!"

त्यांना जमलं असतं. हात धरून, हळूहळू, निम्म्यापर्यंत तरी नक्की. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

गावात गाडी लावली. प्रवेशाची पावती घ्यायला चौकीवर मी एकटी गेले. पावती घेतली, आणि परत येताना, त्या एवढ्याशा वाटेवर — कसं सांगू — ते वाक्य तयारच झालं. गाडीशी आले आणि म्हटलं, "आई, वनखात्याचा नियम आहे म्हणे. साठीच्या पुढच्यांना दरीत सोडत नाहीत."

नितीन चौकीकडे निघालाच होता. मी म्हटलं, "विचारलं रे मी. नाहीच म्हणतात." आवाज जरासुद्धा हलला नाही माझा.

सासूबाई दरीच्या दिशेला बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नियम म्हंजे नियम. आपल्याच काळजीपोटी केला असंल. जा तुम्ही, मी बसते." दुपारचं जेवण सांगितलं होतं त्या घरच्या ओसरीवर जाऊन बसल्या.

तुम्हाला वाटेल, दरीत मला टोचत राहिलं असेल. नाही हो टोचलं. हेच तर सांगायला इतके आढेवेढे घेतेय. कंबरेपर्यंत गार पाणी, रेवाचं किंचाळत हसणं, कड्यांवरून परत येणारा तिचाच आवाज, वर आकाशाची निळी पट्टी. एका घसरड्या दगडावर नितीनने माझा हात धरला तो पुढे सोडलाच नाही. शेवटी वाट एकदम तुटते आणि खाली उन्हात पसरलेलं कोकण दिसतं. तिथे कितीतरी वेळ बसले मी. कुणी "चला आता" म्हटलं नाही.

परतलो तेव्हा सासूबाई त्या घरच्या बाईबरोबर नागलीच्या भाकरी थापत होत्या, चेहरा फुललेला. "लय मायेची माणसं!" जेवताना रेवाला खोदून खोदून विचारत होत्या — पाणी किती गार? कडे किती उंच? आणि मग?

घरी आल्यावर त्यांनी तो नियम सोसायटीभर सांगितला. कौतुकाने.

आता त्यांचे गुडघे जिनासुद्धा उतरू देत नाहीत. परवा शेजारच्या काकू आल्या होत्या, सत्तरीच्या. लेकाबरोबर सांदणला जाऊन आलेल्या. मोबाइलवर फोटो दाखवत होत्या. मी स्वयंपाकघरात — हातातलं लाटणं थांबलं.

सासूबाईंनी फोटो जवळ धरून बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, "काढला वाटतं तो नियम. बरं झालं बाई, म्हाताऱ्यांनीपण बघावं."

मग भिंतीला धरत मोबाइल घेऊन आत आल्या. कड्याच्या टोकाचा फोटो माझ्यापुढे धरला. "इथंच बसली होतीस का गं तू?"

मी म्हटलं, "हो आई, इथेच."

आणि खरंच, तिथेच बसले होते मी — उन्हात पाय पसरून, अगदी सुखात.