परीक्षेसाठी राखलेला माणूस

कसबा बावड्यात चिमणाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. गगनबावड्याकडून ती सून म्हणून आली तेव्हा गोठ्यात एक म्हैस होती. आता चार होत्या. डेअरीत दुधाची फॅट कमी लागली, तर ती रांग थांबवून पुन्हा मोजायला लावी. मागची माणसं कुरकुरत, पण बाई जागची हलत नसे. नवरा सयाजी मात्र गुळासारखा गोड. कुणी हाक मारावी आणि यानं उठून मागं जावं.

त्या सयाजीला अंडवृद्धी झाली. नारळ बांधल्यासारखं ओझं घेऊन तो फेंगडा चालू लागला. धार काढायला उकिडवं बसता येईना, म्हणून चारही म्हशी चिमणाबाईच्याच गळ्यात पडल्या. पहाटे तिची बोटं आखडून जायची. शहरातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या इस्पितळात दाखवलं. पाणी साठलंय, लहानसं ऑपरेशन आहे, असं मूत्रविकार शिकवणारे शशिधर सर म्हणाले. फक्त पोरांची परीक्षा तोंडावर आहे, तेवढी होऊ दे. परीक्षा झाली, मग खाटा रिकाम्या नव्हत्या, मग वर्ष उलटलं.

यंदा अखेर भरती केलं. ऑपरेशनच्या दिवशी चिमणाबाई उजाडता वॉर्डात पोचली, तर सयाजी मांडी पसरून पोहे खात बसलेला. आज उपाशी राहायचं होतं ना, असं तिनं विचारलं, तेव्हा तो घास घोळवत राहिला. ऑपरेशन पुन्हा परीक्षेनंतर गेलं होतं, आणि तसं कबूल त्यानंच केलं होतं.

"सर म्हणलं, अशी केस सापडत न्हाय," तो सांगू लागला. "सुजेवर बॅटरी लावली की आरपार लाल दिसतंय. पोरं नुसती काका काका करत्यात."

प्रदर्शनात म्हशीला पहिला नंबर मिळावा तसा त्याचा चेहरा फुलला होता.

"मग गळ्यात घुंगरं बांधून घ्या की," चिमणाबाई म्हणाली. "दावणीला बांधलेलं जनावर झालायसा तुमी."

ती तडक शशिधर सरांकडं गेली. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि सरळच सांगितलं. सगळ्या अभ्यासक्रमात मूत्रविकाराच्या वाट्याला मोजके दिवस येतात. तेवढ्यात पोरांच्या हाताला रोगी लागला नाही, तर उद्या खेड्यात जाऊन ती हर्नियात उतरलेल्या आतड्याला पाणी समजतील आणि सुई टोचतील. माणूस खोटं बोलत नव्हता, हे तिला कळलं, आणि त्यामुळं तिचा संताप जास्तच भडकला. पोरांनी शिकावं की, ती म्हणाली, पण एकाच माणसाला किती वर्षं ताटकळत ठेवायचं? यंदा परीक्षेनंतर नक्की, असं सर म्हणाले. गेल्या वर्षीही हेच शब्द होते.

परीक्षेच्या दिवशी नातलगांना बाहेर काढलं. चिमणाबाई दाराशी उभी राहिली. तेजस्वी नावाची विद्यार्थिनी आली, तिनं घाईघाईनं चादर खाली ओढली आणि खिशात बॅटरी शोधू लागली. पडदा ओढलेला नव्हता. समोरच्या खाटांवरचे रोगी माना उंचावून बघत होते, आणि सयाजी छताकडं बघून हसत होता. ते हसू बघून चिमणाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. ती आत शिरली आणि तिनं चादर त्याच्या छातीपर्यंत ओढली.

"मावशी, परीक्षा चालू आहे," शशिधर सर म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. "बाळ, ह्यास्नी काय हुतंय ते इचारलंस?"

"सूज आहे. दीड वर्षापासून," तेजस्वी पुटपुटली.

"सूज दिसतीया सगळ्यास्नी. हुतंय काय?" मग ती नवऱ्याकडं वळली. "तुमीच सांगा आता. हसू नगासा."

सयाजीचं हसू मावळलं. त्यानं सरांकडं बघितलं, मग तिच्या हातांकडं.

"साहेब, बसाय येत न्हाय," तो म्हणाला. "कुशीवर वळलं की जीव जातोय. धार हिलाच काढाय लागती, हिची बोटं वाकडी झाल्यात."

परीक्षेसाठी बाहेरगावाहून आलेले परीक्षक पुढं झाले आणि त्यांनी शशिधर सरांना विचारलं, या रोग्याचं ऑपरेशन कधी आहे?

सरांच्या कानशिलांवर रक्त चढलं. "परवा. सकाळी पहिलं."

"ह्या पोरांम्होरं म्हणलायसा," चिमणाबाई म्हणाली. तिनं खस्सकन पडदा ओढला आणि तेजस्वीला म्हणाली, "आता त्यास्नी इचार, आन् मग बघ."

ठरल्या दिवशी सयाजीला पहिलं आत नेलं. ऑपरेशन बघायला विद्यार्थीही आत होते. तासाभरानं शशिधर सर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले, आणि ती हात जोडेल म्हणून क्षणभर थांबले.

चिमणाबाईनं पदर कमरेला खोचला.

"कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला लघवीची नळी घालून ठेवलाय, मी बी केसच हाय म्हणत हुता त्यो," ती म्हणाली. "त्येची तारीख कवा?"