अण्णांच्या पापण्या

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पापण्या वाढल्या त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. मागच्या प्लॉटवर नवी इमारत चढत होती, तिच्या खोल बोअरनं आमची बोअर आटवली होती. टँकर, ऑफिस आणि दवाखाना यांत मी पार पिचून गेले होते.

जन्मात विडी न ओढलेल्या अण्णांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. उपचार म्हणजे रोज एक गोळी. डॉक्टरांनी समजावलं, "या पेशींना सारखा वाढायचा निरोप मिळतोय. निरोप जिथं पोचतो ते दारच ही गोळी बंद करते." अण्णांनी खिडकीबाहेरच्या बांधकामांकडं बोट केलं. "या शहरालाबी एक लिहून द्या की." डॉक्टर हसले. मला हसायचंही त्राण नव्हतं.

गोळी लागू पडली. खोकला गेला. चेहऱ्यावर पुरळ आलं आणि पापण्यांचे केस वाढत सुटले, वाकडेतिकडे, डोळ्यांत टोचणारे. हाही गोळीचाच परिणाम, जपून कापत जा, असं डॉक्टर म्हणाले. शेजारीण विचारायची, "काका, आता काजळबी घालता का?" अण्णा खूश व्हायचे.

दर रविवारी ते गॅलरीत खुर्ची टाकायचे, चष्मा काढायचे, डोळे मिटायचे. "काप." गोल टोकाची कात्री घेऊन मी श्वास रोखून कापायचे. खाली टँकरचा हॉर्न वाजला तरी हलायचे नाही. वैताग यायचा त्या केसांचा, आणि गोळी अजून चालू आहे म्हणून बरंही वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात खोकला परत आला. स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, पेशींनी दुसरी वाट काढली, आता या गोळीचा उपयोग नाही, बंद करा. सलाईनमधून द्यायचं औषध अण्णांनीच नाकारलं. "लई झालं," एवढंच म्हणाले.

मग कितीतरी रविवार ते पडूनच होते. एका सकाळी मात्र भिंतीला धरत गॅलरीत आले, चष्मा काढला, डोळे मिटले. "काप."

मी वाकून पाहिलं. पापण्या पूर्वीसारख्या झाल्या होत्या, आखूड आणि विरळ. कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला रडू फुटलं, पण आवाज होऊ दिला नाही. कात्री डोळ्यांजवळ नेली आणि नुसतीच हवेत चालवली.

"झालं?"

"झालं, अण्णा."

त्यांनी गालावरचे नसलेले केस झटकले.

"आता टोचत नाय," ते म्हणाले.