न उचलायचा कॉल

ताईचा शेवटचा मिस्ड कॉल सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी आला. वेळेत काही वावगं नव्हतं. गेली नऊ वर्षं तो पावणेसात ते सातच्या मध्येच यायचा आणि दोन रिंगांनंतर बंद व्हायचा. त्या दिवशी सात रिंगा झाल्या. मी पेणला, रामवाडीतल्या आमच्या घरी, आरशासमोर दाढी करत होतो. गालाला साबण होता. सवयीने रिंगा मोजल्या. सातव्या रिंगेनंतर फोन थांबला. मी उचलला नाही. साडेनऊला रोह्याहून तिच्या शेजारच्या मालतीवहिनींचा फोन आला, "भाऊ, असाल तसे निघा..." मी कामावरून तसाच निघालो. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

फोन का उचलला नाही हे सांगायचं, तर आमच्या घरात 'कॉल' या एका शब्दाचं काय काय होत गेलं ते सांगावं लागेल. आमचं गाव पेणजवळ, खाडीकाठी. वडील मिठागरावर कामाला. माझ्या लहानपणी गावात फोन नव्हता, पण कॉल होता, आणि त्याचा अर्थ एकच होता: मुलाखतीला बोलावणारं पत्र. अमक्याला कॉल आला म्हटलं की त्या घराकडे बघायची लोकांची नजर बदलायची. आमच्या घरातला पहिला कॉल ताईचा. तिचं नाव शकुंतला, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. दहावी झाल्यावर कुणाला न विचारता तिने नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला होता, आणि अलिबागहून बोलावणं आलं. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पोरीला एकटीला अलिबागला कोण ठेवणार?" संध्याकाळी ताई नेहमीसारखी भाकऱ्या थापायला बसली. दोन वर्षांनी लग्न होऊन रोह्याला गेली. पुढे मला डोलवीच्या एका ठेकेदाराकडून वजनकाट्यावरच्या कामासाठी कॉल आला, तेव्हा ती माहेरी आलेली होती. माझं कॉलेज अर्धवट होतं, वडील नको म्हणत होते आणि मी का-कू करत होतो. तिने माझा शर्ट इस्त्री करून समोर ठेवला. "कॉल आला ना? मग निघायचं, बाळ्या. विचारत बसायचं नाय. अप्पांना मी बघते." त्याच काट्यावर मी आजही आहे.

त्याच सुमारास गावातल्या किराणा दुकानात फोन आला आणि शब्दाचा अर्थ पालटला. आता कॉल म्हणजे धावत जाण्याची गोष्ट झाली. दुकानदार बांधावर उभा राहून ओरडायचा, "तुमचा रोह्याचा कॉल हाय." आई हातातलं तसंच टाकून अनवाणी निघायची आणि वाटेतच रडायला लागायची, कारण त्या काळात उगाच कोणी कॉल करत नसे. पलीकडून ताई म्हणायची, "काय नाय गो आये, सहज केला." आई डोळे पुसून तिला झापायची, "सहज करतात व्हय कॉल? माझा जीव घेशील एक दिवस." पुढे महिनाभर ती येईल त्याला ही तक्रार सांगायची, आणि सांगताना चेहरा मात्र खुशीत असायचा.

मग मोबाइल आले, आई-अप्पा गेले, आणि नऊ वर्षांपूर्वी भाऊजीही गेले. ते रोह्याच्या एका कारखान्यात होते. मूलबाळ नव्हतं. मी ताईला पेणला चल म्हणून दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर म्हणाली, "तुझ्या बायकोला माझी सवय नाय, आन् मला कुणाचीच. मी हितंच बरी." तेव्हा आमचं ठरलं. रोज सकाळी उठल्यावर तिने दोन रिंगा द्यायच्या. त्याचा अर्थ, उठले, बरी आहे. मी उचलायचा नाही. सुरुवातीला त्यात पैसे वाचवण्याचा भाग होता, पुढे तो आमचा नियमच झाला. एकदा चुकून माझं बोट लागलं आणि फोन उचलला गेला. पलीकडून तिचा घाबरा आवाज आला, "उचललास कशाला? काय झालं?"

"काही नाही गं, बोट लागलं."

"मग बोट सांभाळ. छाती केवढी धडधडाय लागली माझी." आणि तिने फोन ठेवला.

म्हणजे आमच्या दोघांपुरता कॉलचा अर्थ असा झाला होता, की तो उचलला तरच काहीतरी वाईट घडलेलं असणार. बाहेर जग पुढे गेलं. बोलणं फुकट झालं. माझ्या मुलीने एकदा तिला व्हिडिओ कॉल लावून दिला, तर ही पदर सारखा करून फोटोला बसल्यासारखी ताठ बसली आणि एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं, ताई, आता पैसे पडत नाहीत, सकाळी दोन मिनिटं बोलत जा की. ती म्हणाली, "रोज उठून काय बोलायचं रे? मी हाय, एवढंच सांगायचं. ते दोन रिंगांत होतं." मला ते पटलं. खरं सांगायचं तर सोयीचंही वाटलं.

तर त्या दिवशी सात रिंगा झाल्या. तिच्या बोटांचे सांधे सुजायचे, बटण पटकन दाबता यायचं नाही; यापूर्वी चार-पाच रिंगा झाल्या होत्या. मला वाटलं तेच असेल. डोलवीला पोचल्यावर विचारू, असंही मनात आलं. पोचलो तर काट्यावर गाड्यांची रांग लागलेली, आणि विचारायचं राहिलं. भरलेल्या गाडीच्या वजनात वीस किलोचा फरक दिसला तर मी गाडी मागे घेऊन पुन्हा चढवायला लावतो. ड्रायव्हर शिव्या घालतात. त्याच माणसाने पाच रिंगांचा फरक सोडून दिला.

मालतीवहिनींना ती ओट्याशी पडलेली सापडली, फोन शेजारी. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं, सातच्या आसपास. मी त्यांना विचारलं, मी फोन उचलला असता, वहिनींना कळवलं असतं, तर? भिंतीला भिंत लागून घर, दोन मिनिटांत त्या पोचल्या असत्या. दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर. डॉक्टर म्हणाले, "काही सांगता येत नाही." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितो आहे, कारण घरचे त्याचा अर्थ 'काही उपयोग झाला नसता' असा करतात. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. तिने मुद्दाम सात रिंगा दिल्या, की दुसऱ्या रिंगेलाच पडली आणि फोन आपला वाजत राहिला, हेही सांगता येत नाही. माझ्याकडे आकडा आहे, त्याचा अर्थ नाही...

तेव्हापासून मी प्रत्येक फोन उचलतो. कर्ज हवंय का, कार्ड हवंय का, कुणाचाही. हल्ली कॉल म्हणजे बहुतेक हेच, आणि मी पूर्ण ऐकून घेऊन नको म्हणतो. बायको नुसती बघते.

गेल्या मंगळवारी सकाळी सातला दहा कमी असताना फोन वाजला. मालतीवहिनींचा नंबर. त्यांचा मुलगा मस्कतला असतो, घरात त्या एकट्याच. मी पहिल्याच रिंगेला उचलला.

"अगोबाई, उचललात?" त्या गोंधळल्या. "ताई सांगायच्या, भाऊ उचलत नाहीत. दोन रिंगा द्यायच्या नि ठेवायचा... म्हटलं, मीपण देऊन बघावं."

"आता उचलतो. बोला ना, वहिनी."

"बोलायचं काय... उठले, एवढंच."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी होत होती. अंगणात कुणीतरी झाडत होतं. दूधवाल्याची मोटारसायकल थांबली, बरणीचं झाकण वाजलं, आणि लांबून रोह्याहून सुटणाऱ्या गाडीचा भोंगा आला. भिंतीच्या पलीकडे, ताईच्या घरातही नऊ वर्षं हेच आवाज असणार. तीन हजारांहून जास्त सकाळी तिने फोन हातात धरला, आणि मी त्यातली एकही सकाळ ऐकली नव्हती.

"ठेवू का भाऊ?" वहिनींनी विचारलं.

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हटलं. "तुमचं काम चालू द्या."

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला असावा. भांडी वाजायला लागली.