आमच्या आळीच्या पापण्या

माझी शाळा चौथीत सुटली, पण सरकारी माणसाला कसं गप्प करायचं ते मला कुणी शिकवायला नको. अशाच एका उत्तरापायी माझा डोळा गेला, म्हणून सांगतो.

उमेळे गावातल्या आमच्या आळीत बहुतेक म्हाताऱ्यांना लहानपणी डोळ्यांत खुपऱ्या झालेल्या. खुपऱ्या जातात, पण मागाहून पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासत राहतात. आमचा इलाज एकच. शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बसायचं आणि बायकोने चिमट्याने एकेक केस उपटायचा. रविवारी चर्चमध्ये मिस्साला गळते डोळे घेऊन कोण जाणार? सगळी आळी हेच करते आणि कुणी कुणाला सांगत नाही. शेजारचे निवृत्त मास्तर तर दार लावून उपटून घेतात. शिकलेला माणूस!

गेल्या वर्षी सरकारी तपासणीवाले आले. खुपऱ्यांपायी कुठल्या गावात किती डोळे जातात, त्याचा नकाशा करायचा होता, म्हणजे पापण्यांची ऑपरेशनं आधी कुठे करायची ते ठरेल. माणसं घरी सापडावीत म्हणून हुशारांनी दिवस निवडला रविवार. म्हणजे आदल्या संध्याकाळी सगळी आळी सोलून तयार.

डोळ्यांवर भिंग चढवलेल्या एका मुलीने माझ्या पापण्या वर करून पाहिल्या. आत वळलेला केस एकही नाही. तिने विचारलं, "आजोबा, केस टोचतात म्हणून उपटता का हो?"

प्रश्न बरोबर होता. पण अख्खी आळी कुंपणापाशी उभी, मास्तर सगळ्यांत पुढे. मी म्हटलं, "मी काय नवरी आहे, केस उपटून घ्यायला?"

सगळे हसले. बायको मागून म्हणाली, "अहो, खरं सांगा ना."

"तू आत जा, चहा टाक."

मुलीने मोबाइलवर 'नाही' दाबलं. मग मास्तर बसले. "आमच्या घरात स्वच्छता असते, बाई," म्हणाले. त्यांचंही 'नाही'. पाठोपाठ सगळ्या म्हाताऱ्यांचं 'नाही'. नकाशावर आमची आळी इतकी निरोगी निघाली की ऑपरेशनवाले दुसऱ्याच गावात गेले.

उपटलेला केस परत येतो तो खराट्याच्या काडीसारखा, आखूड आणि कडक. माझ्या डाव्या बुबुळावर पांढरं आलं. वाडीतला विक्रीचा मोगरा खुडताना कळी कुठली नि उमललेलं फूल कुठलं कळेना, फुलवाल्याला कळ्याच लागतात, तो टोपली परत पाठवू लागला. मग उजवाही झोंबायला लागला, तेव्हा बायकोने चिमटा विहिरीत टाकला. "आता वाढू देत. डॉक्टरला दिसू देत."

तीन आठवडे डोळ्यांत काटे घेऊन बसलो. मिस्साला तसाच गळत्या डोळ्यांनी गेलो. मास्तरांनी खांद्यावर हात ठेवला. "काय हो, रडताय?"

"तुमच्यासाठी," म्हटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांच्या पापण्या बाहेर वळवून शिवल्या. उजवा वाचला. डाव्याचं म्हणाल्या, "गेलं ते गेलं. वर्षापूर्वी का नाही आलात?"

मी आळीतल्या केस उपटणाऱ्या सगळ्यांची नावं सांगितली, त्यांना न विचारता. मास्तरांचं पहिलं. दवाखान्यातून बुधवारचं बोलावणं घरी आल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू म्हणावं. पण बुधवारी जा.